जकार्तात मराठी घर आणि इंडोनेशियन भाषा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीनिमित्त मुलाबाळांसह जकार्ताला निघालेल्या मराठी घरांसाठी हे लिहिलंय. ऑफिसात इंग्रजीवर निभावतं, घरात नाही. पाण्याचा गॅलन आणून देणारा, भाजीची हातगाडी घेऊन येणारा, गेटवरचा रखवालदार, कामाला येणाऱ्या ताई या सगळ्यांशी पहिल्या दिवसापासून 'बाहासा इंदोनेसिया'च लागते. (नुसतं 'बाहासा' म्हणजे फक्त 'भाषा'. भाषेचं नाव पूर्ण घ्या.) आठ महिन्यांच्या वापरानंतरचं ठाम मत असं, की ही भाषा इंग्रजीतून शिकूच नये. मराठीतून ती निम्म्या कष्टात येते. त्यासाठी एक दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक शब्द देवनागरीत लिहा.

देवनागरीत का, ते सांगतो. इंडोनेशियन रोमन लिपीत लिहितात. च आणि जसाठी पूर्वी डच वळणाची दोन-दोन अक्षरं लागायची. १९७२च्या सुधारणेनंतर ती एकेक झाली आणि शब्द बहुतेक लिहिल्यासारखेच वाचता येऊ लागले. दगा देतं ते रोमन 'ई' (e) हे एक अक्षर. त्याचे उच्चार दोन, एक आपला ए आणि दुसरा जवळजवळ आपला अ, पण लिहिण्यात फरक दिसत नाही. इंग्रजी सवयीने वाचणारा 'मोठा'ला 'बेसार' म्हणतो, खरा शब्द 'बसार'. चार म्हणजे 'अंपात', सहा म्हणजे 'अनाम'. सफरचंद 'आपल' आणि हजेरीची परेड 'आपेल', स्पेलिंग मात्र एकच. देवनागरीत लिहिलंत की हा घोळ उरत नाही.

शाळेत पाठ करून सोडून दिलेले ङ आणि ञ इथे रोज उपयोगी पडतात. 'दङान' म्हणजे 'सोबत', त्याला 'दंगान' म्हणू नका. डास म्हणजे 'ञामुक'. शब्दाच्या शेवटचा क फुटू द्यायचा नाही, घसा क्षणभर बंद करून तिथेच थांबायचं. 'तिदाक' (नाही) ऐकताना 'तिदा' वाटतं ते त्यामुळे. शेवटचा ह मात्र सोडू नका. 'मुदा' म्हणजे तरुण, 'मुदाह' म्हणजे सोपं. 'बावा' म्हणजे आणणं, 'बावाह' म्हणजे खाली. नारळ 'कलापा' आणि डोकं 'कपाला' यांत गोंधळ झालाच तर आपलं कपाळ आठवा.

मराठी माणसाला खरं घबाड व्याकरणात सापडतं. 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. इंग्रजी पुस्तकं हा फरक समजावताना घामाघूम होतात, आपल्याकडे तो पोराटोरांनाही येतो. (जकार्तात बोलताना बरेच जण दोन्हीकडे 'किता' म्हणतात, तुम्ही फरक पाळलात तरी चालतं.) 'तिदाक' म्हणजे नाही, 'बुकान' म्हणजे नव्हे, 'जाङान' म्हणजे नको. वाक्याच्या शेवटी लागणारा 'कान' हा सरळसरळ आपला 'ना'. 'एनाक, कान?' म्हणजे 'छान लागतंय ना?'

काळाची रूपं नाहीतच, सगळा भार 'सुदाह' (झालं) आणि 'बलुम' (अजून नाही) या जोडीवर. 'सुदाह माकान?' म्हणजे 'जेवलात?' जेवण व्हायचं असेल तर उत्तर 'बलुम'. तिथे 'तिदाक' म्हटलं की तुम्हाला जेवायचंच नाही असं वाटतं. लग्न झालं का, मुलं आहेत का, या प्रश्नांनाही 'बलुम'च शोभतं. तोडून 'तिदाक' म्हणणं कानाला बोचतं.

संस्कृतातून गेलेले शब्द ढिगाने भेटतात, पण अर्थ तपासल्याशिवाय वापरू नका. 'चिंता' म्हणजे प्रेम. 'बिचारा' म्हणजे बोलणं (मूळ शब्द विचार). 'नगारा' म्हणजे देश आणि 'देसा' म्हणजे खेडं. 'इस्त्री' म्हणजे बायको, कपड्यांच्या इस्त्रीला 'सत्रिका'. गोव्याकडच्यांना आणखी एक सोय आहे, पोर्तुगीजांनी दोन्हीकडे तेच शब्द टाकले आहेत: जनेल तिथे 'जंदेला', इगर्ज 'गरेजा', फेस्त 'पेस्ता'.

वेळ सांगताना सर्वांत जपा. 'सतङाह' म्हणजे अर्धा, म्हणून 'सतङाह तिगा' आपल्याला साडेतीन वाटतं. ते अडीच आहे: तिसरा तास अर्धा झालेला, डच लोकांसारखी मोजणी. ड्रायव्हरला 'पाक, तोलोङ जंपुत आनाक-आनाक जाम सतङाह तिगा' (मुलांना 'सतङाह तिगा'ला घ्यायला जा) असा निरोप दिलात तर तो अडीचला शाळेच्या फाटकात हजर असतो. शाळा साडेतीनला सुटत असेल तर 'सतङाह अंपात' म्हणायचं. पहिले काही आठवडे निरोपात आकडाही लिहा: १५.३०.

पैशांत लाख नाही. 'रिबु' हजार, 'जुता' दहा लाख. आपला एक लाख म्हणजे 'सरातुस रिबु', एक कोटी म्हणजे 'सपुलुह जुता'. भाजीवाला 'दुआ पुलुह' म्हणतो तेव्हा हजार गृहीत असतात, म्हणजे वीस हजार रुपिया.

हातगाडीपाशी लागणारे शब्द आधी पाठ करा: कुञित हळद, जाहे आलं, कतुंबार धणे, जिंतान जिरे, आसाम जावा चिंच. 'बावाङ मेराह' म्हणजे छोटे लाल कांदे, 'बावाङ पुतिह' लसूण. पोह्यांसाठी लागणारा मोठा कांदा हवा तर 'बावाङ बोंबाइ' मागा, मुंबईचंच नाव आहे. 'तरिगु' म्हणजे मैद्यासारखं पीठ, त्याच्या पोळ्या चिवट होतात. कणकेसाठी पासार बारु या बाजारातली भारतीय दुकानं गाठावी.

शाकाहारी घरांनी 'दागिङ (मांस) नको' एवढ्यावर थांबू नये. व्यवहारात 'दागिङ' म्हणजे बहुधा गोमांस, कोंबडी-मासळी त्यात धरत नाहीत. 'तान्पा आयाम, तान्पा इकान, तान्पा उदाङ, तान्पा तरासी' असं एकेक सांगा (तान्पा म्हणजे शिवाय, आयाम कोंबडी, इकान मासळी, उदाङ कोळंबी). तरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. तो सांबालच्या चटणीत बहुधा असतो आणि भाज्यांच्या 'सायुर आसम'मध्येही बऱ्याचदा घालतात.

'तुम्ही'साठी पुस्तकं 'आंदा' शिकवतात, तो जाहिरातीत शोभतो. माणसाला नात्याने हाक मारा: मोठ्या पुरुषाला पाक, बाईला बू, तरुणाला मास, तरुणीला म्बाक. मुलांना एक गोष्ट आधी समजावा: 'काकाक' ऐकायला 'काका' वाटतं, पण ते ताईलाही म्हणतात.

साधनांबद्दल. मोबाइलवरची खेळवजा अ‍ॅप्स पहिले दोन महिने शब्दांसाठी बरी, पण त्यात रस्त्यावरचे ङ्गाक (तिदाक), उदाह (सुदाह), आजा (फक्त) भेटत नाहीत. सरकारी भाषासंस्था बादान बाहासाची परदेशी शिकणाऱ्यांसाठीची पुस्तकं मोफत उतरवता येतात, आणि तिचा मोठा कोशही इंटरनेटवर फुकट आहे. कोशात शब्द मूळ रूपाखाली असतो, आणि नवखा तिथेच हरतो. क्रियापदाला 'म' जोडला की सुरुवातीचा त, प, स किंवा क अनुनासिकात विरतो: तुलिसचं मनुलिस (लिहिणं), पाकाइचं ममाकाइ (वापरणं), सापुचं मञापु (झाडणं), किरिमचं मङिरिम (पाठवणं). म्हणजे उलट जाताना नच्या जागी त, मच्या जागी प, ञच्या जागी स, ङच्या जागी क लावून पाहायचं. वहीच्या मागच्या पानावर हा तक्ता असू द्या.

फ्रिजवर मात्र वेगळा कागद चिकटवा, कारण आजारपणात वही सापडत नाही: दमाम ताप, बातुक खोकला, मुंताह उलटी, साकित परुत पोटदुखी, दमाम बर्दाराह डेंग्यू. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुतेक 'सजाक कापान?' असतो, म्हणजे केव्हापासून. उत्तरं अशी: 'सजाक कमारिन' कालपासून, 'सुदाह तिगा हारी' तीन दिवस झाले.