जुनं एचएमटी पायलट: रिव्ह्यू, आणि पार्ट बदलायचे की नाही याची भानगड

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं ज्याला वेळ आहे त्याने वाचा. जुनं एचएमटी पायलट घड्याळ घ्यावं का? घ्यावं. त्यात नवे पार्ट टाकावेत का? काच, पट्टा, मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाते ती मुख्य स्प्रिंग), मागच्या झाकणातलं रबर हे खुशाल टाका, पण डायल आणि काटे आहेत तसे राहू द्या, मग ते कितीही डागाळलेले असू देत. आणि ज्यांचे हात शिवशिवतायत, डायल बदलायचाच आहे, त्यांच्यासाठी पण खाली लिहिलंय, त्यांना मी शिव्या देणार नाहीये.

घड्याळ कसं आहे ते बघू. काळा डायल, पांढरे ठसठशीत आकडे, मिलिटरी टाइप लूक, केस म्हणजे बाहेरची धातूची डबी साधारण ३५ एमएमची म्हणजे हल्लीच्या ४२-४४ एमएमवाल्यांच्या मानाने फारच लहान, पहिल्यांदा घातल्यावर वाटतं हे लेडीज तर नाही ना, पण थोड्या दिवसांत सवय होते आणि मग बाकीची घड्याळं हातावर ताटली बांधल्यासारखी वाटायला लागतात. आत चावीचं मशीन. बॅटरी नाही, ऑटोमॅटिक नाही, रोज सकाळी चहाबरोबर चावी द्यायची. मशीनचा नंबर ०२३१, १७ ज्वेल (चक्रं घासू नयेत म्हणून बसवलेले बारीक खडे), तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच, त्यामुळे टिकटिक चांगली खणखणीत ऐकू येते. मूळ डिझाइन जपानच्या सिटिझनचं, कारण एचएमटीने १९६१ साली बेंगळुरूला घड्याळं बनवायला घेतली तीच सिटिझनशी करार करून. मशीन दिसायला काही खास नाही, नक्षी-बिक्षी काही नाही, पण दणकट आहे आणि दुरुस्त करायला सोपं आहे, कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या जुन्या घड्याळवाल्याने आयुष्यात अशी शेकड्यांनी उघडलेली असणार.

टाइम बरोबर दाखवतं का असं सगळे विचारतात. नीट सर्व्हिस झालेलं असेल तर दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढेमागे, हे मी या वयाच्या मशीनसाठी चांगलंच धरतो, ज्याला सेकंदाचा हिशोब हवाय त्याने क्वार्ट्झ म्हणजे बॅटरीवालं घ्यावं. आणि एखाद्या दिवशी अचानक घड्याळ मिनिटंच्या मिनिटं पुढे पळायला लागलं तर लगेच मशीन खराब झालं म्हणून रडू नका, बऱ्याचदा मॅग्नेट लागलेलं असतं, स्पीकरवर ठेवलं, चुंबकाचं झाकण असलेल्या मोबाइल कव्हरशेजारी ठेवलं की हेअरस्प्रिंगची, म्हणजे ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि ठोके भराभर पडायला लागतात. डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे मॅग्नेट घालवायच्या यंत्रावर, दोन सेकंद धरलं की काम झालं, कुठलाही घड्याळवाला करून देतो. पाण्याचं मात्र नाव काढू नका. हात धुताना चार थेंब पडले तर ठीक, पावसात काढून खिशात.

आता खरी भानगड. हेच ०२३१ मशीन एचएमटीने आपल्याच दुसऱ्या मॉडेलांत, म्हणजे जनतामध्ये घातलं, कोहिनूरमध्ये घातलं, अजून कशाकशात घातलं. म्हणजे मशीन काढून टेबलावर ठेवलं तर ते पायलटचं आहे की जनताचं हे सांगता येणार नाही. मग पायलटला पायलट कोण बनवतं? डायल आणि काटे, बस. तो डायल काढून नवा छापलेला टाकला की तुमच्या हातात उरतं ते पायलटचे कपडे घातलेलं कुठलंही एचएमटी, आणि असली घड्याळं बाजारात ढिगाने आहेत कारण जनता ढिगाने मिळतं, पायलटला मागणी जास्त, मग जनतावर पायलटचा डायल चढवायचा आणि विकायचा, सोपं गणित आहे. ऑनलाइन तर नुसते डायल-काट्यांचे सेट पण मिळतात.

हे आपल्याकडेच चालतं असं नाही हां. रोलेक्सचं डेटोना ६२३९ घ्या. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनच्या स्वतःच्या हातातलं ते घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, ते अर्थात त्याचं स्वतःचं होतं म्हणून, पण त्याच्यासारखा खास डायल असलेली बाकीची घड्याळंही साध्या डायलच्या ६२३९ पेक्षा कैक पटीने महाग आहेत. मशीन तेच, केस तीच, फरक डायलचा. आणि त्या एका डायलपायी तिकडेही साध्या डेटोनाला तो डायल बसवून विकायचे धंदे झालेच. मग पायलटचं काय घेऊन बसलात.

पायलट घेताना डायल कसा बघायचा हे थोडक्यात सांगतो. भिंगाखाली धरा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम केलं तरी चालेल. कंपनीच्या छपाईत अक्षराच्या कडा स्वच्छ असतात, रिपेंट केलेल्यात, म्हणजे पुन्हा रंगवून छापलेल्यात, अक्षरं जाड, कुठे फुगलेली, मिनिटांच्या रेघा कुठे जवळ कुठे लांब, सहाच्या खालची बारीक अक्षरं तर एक तर गायब नाहीतर मुंगी चिरडल्यासारखी. रंग जाड थरात बसलेला असतो, डायलच्या मधल्या भोकाच्या कडेला तो थर दिसतो. पोपटी, गुलाबी, जांभळा असा आइस्क्रीमचा रंग असेल तर फोटो बघूनच पुढे सरका. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे केस घासलेली, मागचं झाकण ओरखड्यांनी भरलेलं आणि डायल मात्र आजच कारखान्यातून आल्यासारखा कोरा. पन्नास वर्षं घड्याळ वापरलं आणि फक्त डायलच म्हातारा झाला नाही, असं होत नाही.

अशा रिपेंट केलेल्या घड्याळांना जगभरातले कलेक्टर 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आता यात अभिमान वाटून घ्यायचा की लाज ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर दोन्ही थोडं थोडं. कारण हे रिपेंटचं काम मुळात फसवाफसवी म्हणून सुरूच झालेलं नाही. घड्याळ ही तेव्हा वापरायची वस्तू होती, लग्नात सासऱ्यांनी दिलेली, रिटायरमेंटला ऑफिसने दिलेली, दहावी पास झाल्यावर वडिलांनी घेऊन दिलेली, आणि डायलवर डाग पडला की रंगवून घेणं हे खोलीला चुना मारून घेण्याइतकं नॉर्मल होतं. कोकणात, मुंबईत तर दमट हवेने डायलवर बुरशीसारखे ठिपके येतातच, काचेला बारीकशी चीर असेल तर एका पावसाळ्यात येतात. त्यामुळे आजोबांनी स्वतः हौसेने रंगवून घेतलेलं घड्याळ घरात सापडलं तर ते 'ओरिजिनल' करायच्या मागे पण लागू नका, तो रंग त्यांनी निवडलेला आहे. लबाडी सुरू होते ती विकताना, जेव्हा तेच घड्याळ 'एकदम ओरिजिनल, मिंट कंडिशन' म्हणून गळ्यात मारलं जातं.

आमच्या घड्याळवाल्या काकांशी माझं याच्यावरून दरवेळी होतं. माणूस कामाला सोन्यासारखा, डोळ्याला भिंग लावून बॅलन्स (मशीनमधलं मागेपुढे डोलणारं चक्र) असा बसवतो की बघत राहावं, पण घड्याळ दिलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "डायल पण करून टाकू का रे, चकाचक नवं दिसेल." मी म्हणतो काका डायलला हात नको, पॉलिश पण नको. ते म्हणतात, "मग लोकांना काय दाखवणार, सर्व्हिसचे पैसे कशाचे दिले?" त्यांचंही बरोबर आहे, त्यांचं सगळं गिऱ्हाईक दिसण्याचेच पैसे देतं, आतलं तेल कोण बघतंय. म्हणून सांगतो, घड्याळ सर्व्हिसला देताना तोंडी सांगून सोडू नका, चिठ्ठीवर लिहून द्या की डायल, काटे, पॉलिश यातलं काही करायचं नाही आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत द्यायचा. काका रागावले तरी चालतील.

आता बदलायचे पार्ट. काच आधी. पायलटची काच प्लास्टिकची, म्हणजे ॲक्रिलिक, थोडी फुगीर. ओरखडे असतील तर बदलायच्या आधी पॉलिश करून बघा, ॲक्रिलिकचं पॉलिश मिळतं, अगदी नाहीच तर साधी पांढरी टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन दहा मिनिटं चोळा, चांगला फरक पडतो. चीर असेल तर मात्र लगेच बदला, तिथूनच दमट हवा आत जाते आणि डायल संपतो, त्यामुळे डायल वाचवण्यासाठी काच बदलणं यात काहीही पाप नाही. फक्त ॲक्रिलिकच्या जागी ॲक्रिलिकच. काहींना सफायरची काच टाकायची हौस येते, ओरखडे पडत नाहीत म्हणून, पण ही केस दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या काचेसाठी बनलेली आहे, कडक सपाट काच तिथे चिकटवावी लागते, फट राहते, कधी काटाच काचेला घासतो, आणि दिसायला पण ते जुनं घड्याळ राहत नाही. सफायर नको.

चावी आणि तिची दांडी झिजतेच, बदलावी लागली तर बदला, जुन्या मापाची घ्या, मोठी चावी लावली की घड्याळ बेढब दिसतं. मेनस्प्रिंग, तुटलेला बॅलन्स, आतले बारीकसारीक पार्ट याची तर चिंताच नको, सेम मशीन इतक्या घड्याळांत असल्यामुळे एखादं डायल खराब झालेलं जनता स्वस्तात घेऊन ठेवा, त्यातले पार्ट पायलटला बसतात. केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६ च्या जानेवारीत घेतला, तेव्हापासून जुन्या घड्याळांची ओढाताण वाढलीय, त्यामुळे असं एखादं घड्याळ कपाटात असलेलं बरं.

बफिंग, म्हणजे केस मशीनवर घासून चमकवणं, नको म्हणजे नको. केसवर क्रोम प्लेटिंग असेल तर बफ मारल्यावर चमक येत नाही, उलट क्रोम जाऊन खालचं पिवळं पितळ बाहेर येतं. स्टीलची असेल तरी पट्टा अडकवायचे कान गोल होतात, साबण झिजतो तसे, आणि गेलेला धातू परत येत नाही.

आता ज्यांना मॉडिंगच, म्हणजे पार्ट बदलून घड्याळ आपल्याला हवं तसं करायचंय ते. त्यात वाईट काही नाही, मजेचा प्रकार आहे, फक्त घड्याळ बरोबर निवडा. सगळ्यात आवडतं मॉडिंगचं घड्याळ म्हणजे सेकोचं एसकेएक्स ००७, १९९६ ला आलं, २०१९ च्या आसपास बंद झालं, २०० मीटर डायव्हर म्हणजे पाण्यात बुडी मारायचं घड्याळ, चावी चारच्या आकड्याशी. त्यातलं ७एस२६ मशीन दणकट पण हाताने चावी देता येत नाही आणि चावी ओढल्यावर सेकंद काटा थांबत नाही, म्हणून लोक एनएच३६ मशीन टाकतात, त्यात दोन्ही होतं. बसतं पण अगदी बरोबर, फक्त साधं एनएच३६ तीनच्या आकड्याशी चावी धरून बनवलेलं असतं, त्यामुळे तारीख-वार खिडकीत तिरके दिसतात, जुन्या मशीनची वार-तारखेची चक्रं काढून नव्यावर बसवायला लागतात. हे माहीत नसलेला दुकानदार घड्याळ तसंच परत देतो आणि तुम्ही मान वाकडी करून तारीख वाचत बसता. पण आता एसकेएक्स बंद झालंय, चांगलं न उघडलेलं पीस असेल तर ते कशाला फोडताय? त्याऐवजी २०१९ नंतरचं सेको ५ स्पोर्ट्स, एसआरपीडी सिरीज घ्या. आकार जवळजवळ तोच, ४आर३६ मशीनमध्ये हाताने चावी आणि सेकंद थांबणं आधीपासूनच आहे, काच आणि बेझल इन्सर्ट (काचेभोवतीच्या कड्यावरची आकड्यांची चकती) बरेचसे तेच बसतात. पाण्याचं रेटिंग १०० मीटर आणि चावी पिळून बसणारी नाही, एवढं लक्षात ठेवा, त्यामुळे तारकर्लीला स्कूबा करायला हे घालून जाऊ नका. बाकी त्याला हवा तो डायल टाका, हिरवा करा, पोपटी करा.

एचएमटीवरच प्रयोग करायचा असेल तर आधीच रिपेंट झालेलं, डायल वाटोळं झालेलं जनता घ्या. त्यात गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. देवनागरी आकड्यांचं जनता मात्र सोडून द्या, ते ओरिजिनल मिळालं तर पायलटइतकंच जपायचं, आणि त्याचेही नकली डायल भरपूर फिरतायत. जे काही काढाल ते झिप लॉकच्या पाऊचमध्ये टाकून वर पेनाने लिहा कशातून काढलं आणि कधी, घड्याळ विकलं तर पाऊच सोबत द्या आणि जाहिरातीत सरळ लिहा काय बदललंय ते. असं लिहिलेलं घड्याळ मी स्वतः जास्त बिनधास्त घेतो.

रेटिंग द्यायचं तर चांगल्या डायलचं पायलट दहापैकी नऊ, एक मार्क पाण्याला घाबरण्याबद्दल कापला. डागाळलेल्या पण ओरिजिनल डायलचं आठ. नवा चकाचक डायल टाकलेलं पायलट, फिनिशिंग कितीही सुबक असलं तरी, माझ्याकडून चार, आणि ते चार पण आतल्या मशीनचे. पट्टा १८ एमएमचा लागतो, नायलॉनचा किंवा पातळ लेदरचा घ्या, हल्लीचे जाड टाके घातलेले पट्टे या छोट्या केसला शोभत नाहीत.