एस्टीमचा मॅनिफोल्ड घासून घेतला, ९,४०० रुपये गेले, पॉवर किती वाढली ते सांगतो

गॅरेजचं नाव टाकत नाहीये हे आधीच सांगतो, कारण खाली तक्रार पण आहे आणि मेस्त, म्हणजे आमच्याकडचा मेकॅनिक, माणूस म्हणून चांगला आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. गोव्यात फोंडा तालुक्यातलं छोटं गॅरेज, दोन गाड्या आत आणि चार बाहेर फणसाच्या झाडाखाली, एवढं समजा.

गाडी म्हणजे बाबांची २००४ ची मारुती एस्टीम. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, कागदावर ८५ हॉर्सपॉवर, आता त्यातले किती घोडे जिवंत आहेत देव जाणे. पासिंग परत पाच वर्षांनी वाढवून घेतलं तेव्हाच ठरवलं की विकायची नाही, मग डोक्यात किडा आला की थोडी पिकअपला बरी करू. रील्समध्ये बघितलेलं, ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा नेणारा पाइपांचा जोड) आतून घासून आरशासारखा चमकवतात आणि गाडी विमान होते म्हणे. मी पण तेच घेऊन मेस्तकडे गेलो, म्हटलं पोर्टिंग करून द्या, म्हणजे हवेची भोकं (पोर्ट) घासून मोकळी करा, पॉलिश करा, आणि ते पाइप थोडे कापून आखूड करता आले तर बघा.

त्याने गाडीचा बॉनेट उघडला, थ्रॉटल बॉडीची (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप असते ती) नळी काढून आत बोट फिरवलं, बोट काळंकुट्ट. मला दाखवून म्हणाला, "बाब, पयलीं हें निवळ करया, मागीर कापपाचें पळोवया." म्हणजे आधी हे स्वच्छ करू, मग कापायचं बघू. खरं सांगायचं तर या अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच निघाली, पण मला तेव्हा वाटलं हा काम टाळतोय.

मॅनिफोल्ड उतरवला त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून बसलो होतो. आतमध्ये ऑइलच्या वाफेने आणि वीस वर्षांच्या धुळीने डांबरासारखा थर जमलेला, नखाने खरवडला तर वडी निघेल असा. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातली) वाफ पीसीव्ही नावाच्या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्येच जाते, त्यामुळे जुन्या गाडीत हे होणारच. त्यात जुनं गॅसकेट, आपण पॅकिंग म्हणतो ते, तीन नंबरच्या पोर्टमध्ये चक्क आत आलेलं होतं, आणि तिथेच ओतकामाची एक कड राहिलेली, बोट लावलं तर खरचटेल अशी. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर वीस वर्षं अर्धं नाक दाबून श्वास घेत होता म्हणायचं.

धुतलं कसं ते पण सांगतो कारण इथे बरेच लोक वाट लावतात. ॲल्युमिनियम कॉस्टिकच्या पाण्यात टाकायचं नाही, ते धातूच खातं आणि वस्तू काळी पडते. माझ्या मावसभावाच्या बाइकचं एक कव्हर असंच गेलंय. याने रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, सकाळी ब्रश, मग कार्ब क्लीनर, मग हवा मारली. सेन्सर आणि रबरी नळ्या आधी काढून बाजूला.

मग घासकाम. नवीन गॅसकेट मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवून निळी शाई लावली, टोकदार सुईने आतली कड रेघून घेतली, आणि त्या रेघेपर्यंतच डाय ग्राइंडरने कार्बाइड बर (दातांचं छोटं घासायचं टोक) फिरवला. बरच्या दातात ॲल्युमिनियम चिकटतं म्हणून दर मिनिटाला तेलाचा फवारा. इथे मी विचारलं की रेघेच्या बाहेर अजून दोन मिलीमीटर काढा ना, मोठं भोक म्हणजे जास्त हवा. तर नाही. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, मॅनिफोल्ड त्याला जोडतात) तोंडापेक्षा मोठं झालं की हवा सरळ जाऊन हेडच्या कडेवर आदळते, आणि जे कमवायचं तेच गमावतो. उलट मॅनिफोल्ड अर्धा मिलीमीटर लहान राहिला तर फारसं बिघडत नाही, आतून परत फिरणाऱ्या हवेला तो उंबरठा अडवतो पण. आणि भिंत किती जाड आहे ते बाहेरून कळत नाही, एकदा आरपार गेलं की वेल्डिंग करा नाहीतर भंगारात टाका.

आरशासारखं पॉलिश पण करून दिलं नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबला. मी रील दाखवली तर म्हणाला, "गाडी धांवडावपाक जाय काय दाखोवपाक जाय?" पळवायला हवी की दाखवायला? कारण असं की या इंजिनात पेट्रोल हेडच्या जवळ फवारलं जातं, तिथे भिंत एकदम गुळगुळीत असेल तर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळतात, थोडी खरखर असली तर हवेत मिसळायला मदत होते. वरच्या भागात नुसती कोरडी हवा, तिथे चमकवलं काय नि नाही काय, फरक नगण्य, मग मजुरी कशाला द्यायची.

पाइप आखूड करण्याचं तर त्याने हसूनच उडवून लावलं, आणि ते मला नंतर पटलं. कदंबाच्या भरलेल्या बसने कचकन ब्रेक मारला की मागचे सगळे पुढच्यावर येऊन पडतात ना, तसं व्हॉल्व्ह बंद झाला की धावत आलेली हवा मागून दाटते, तिथून दाबाची लाट उलटी जाते, प्लेनमला (सगळे पाइप जिथून निघतात तो हवेचा डबा) लागून परत फिरते. ती लाट व्हॉल्व्ह परत उघडताना बरोबर पोचली तर फुकटात जास्त हवा भरते. लांब पाइपला हे कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) जमतं, आखूड पाइपला वर. मी दर पंधरवड्याला चोर्ला घाटातून बेळगावला जातो, केरीच्या पुढे चढाला गाडी अडीच तीन हजार आरपीएमवरच असते, तिथलाच जोर काढून सहा हजारावर नेऊन ठेवला असता तर बाबांनी मला घरात घेतलं नसतं.

आता तक्रारी. तीन दिवस सांगितलेले, अकरा लागले. त्यातले चार दिवस फक्त गॅसकेटमुळे, कारण ज्या मुलाला पणजीला पाठवलं त्याने जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ८ व्हॉल्व्ह एस्टीमचं आणलं, ते बसणारच नव्हतं, आणि हे कोणी मला फोन करून सांगितलं पण नाही, मी साखळीहून आपला बसने जाऊन बघतो तर गाडी तशीच उघडी, पोर्टमध्ये कपड्याचे बोळे कोंबलेले. बोळे कोंबलेले होते हे बरंच म्हणा, एक नट आत पडला असता तर इंजिनच खोलायला लागलं असतं.

दुसरी तक्रार जास्त मोठी. गाडी घेऊन निघालो, पहिल्याच सिग्नलला आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे) वर खाली व्हायला लागला, आठशे, तेराशे, परत आठशे, जसं कोणीतरी पायाने पंप मारतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना मीच स्टार्ट करून मॅनिफोल्डच्या जोडावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारत गेलो (गरम इंजिनवर हे करू नका, पेटतं), खालच्या बाजूला मारल्यावर आवाज बदलला. म्हणजे लीक. थ्रॉटलला चुकवून हवा आत जाते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आयडल व्हॉल्व्ह बंद करून आरपीएम खाली ओढतो, जास्त पडला की परत उघडतो, तेच चालू राहतं. परत नेली तर खालचा एक नट, जो दिसत नाही आणि जिथे हात पण जात नाही, तो नुसता हातानेच फिरवून सोडलेला. मेस्तने काही न बोलता, पोराला दोन शब्द सुनावून, टॉर्क रेंच घेऊन मधून बाहेर अशा क्रमाने सगळे परत कसले, एक तडकलेली व्हॅक्यूमची नळी पण बदलली, एक रुपया घेतला नाही. पण माझा अख्खा शनिवार गेला तो गेलाच.

फरक किती? डायनो (पॉवर मोजायचं मशीन) वगैरे नाही, मावसभाऊ बाजूला बसून मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढत होता, सकाळी सहाला, रस्ता तोच, पेट्रोल अर्धी टाकी. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६० जेवढा वेळ आधी लागायचा तेवढाच. दुसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० आधी ६.२ सेकंद, आता ५.७. म्हणजे खाली काही नाही, वर आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण सहा हजार आरपीएमला एकेक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा श्वास घेतो, हिशोब केला तर पूर्ण भरलं असं धरून मिनिटाला ३,९०० लिटर हवा होते, छपरावरच्या हजार लिटरच्या जवळजवळ चार टाक्या. तेवढी हवा ओढताना अडथळा जाणवतो, बाजारात दोन हजारावर चालवताना कुठे जाणवणार. ॲव्हरेज होतं तेवढंच आहे.

आणि त्या अर्ध्या सेकंदातला माझ्या मते मोठा वाटा धुण्याचा आणि नवीन गॅसकेटचा आहे, ग्राइंडरचा कमी. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) स्टॉक म्हणजे कंपनीचाच, सायलेंसर स्टॉक, हेड स्टॉक, मग नुसतं पुढचं दार रुंद करून घरात माणसं किती बसणार. पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक मारायला काही वेगळं वाटतंय का असं बाबांनी विचारलं, मी हो म्हटलं, ते म्हणाले मला नाही वाटत.

बिल असं: मजुरी ६,५००, गॅसकेट १,१००, क्लीनर आणि नवीन कूलंट १,२००, नळ्या ६००. छापील बिल मागितल्यावर मिळालं, न मागता नाही. कूलंट का, तर थ्रॉटल बॉडीला पाण्याच्या नळ्या येतात, त्या काढल्या की ते सांडतं, परत भरताना हवा काढायला सांगा, नाहीतर टेम्परेचरचा काटा वर चढेल.

पाचपैकी साडेतीन. एक मार्क वेळेसाठी कापला, अर्धा त्या नटसाठी. जे कापायला नको ते कापलं नाही याचे मात्र पूर्ण मार्क, दुसरा कोणी असता तर माझ्या मूर्खपणाचे पंचवीस हजार घेऊन पाइप आखूड करून दिले असते. नवीन गाडीला प्लास्टिकचा मॅनिफोल्ड असेल तर याच्या नादी लागू नका, तिथे घासायला काही नसतं. आणि इंजिनात मोठा बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि इन्शुरन्स दोन्ही आधी बघून घ्या.

पत्ता कोणाला हवा असेल तर मला विचारा. जाण्याआधी फोन करा, पण दुपारी एक ते साडेतीन करू नका, मेस्त झोपलेला असतो.