चर्चमधलं मिश्र लग्न: खान्देशात कुठे काय मिळतं, कुठे काय अडतं

जळगाव, भुसावळ, धुळे, नवापूर, कुठंही जा, चर्चच्या फाटकावर 'सर्वांचे स्वागत' ही पाटी दिसतेच. रविवारच्या उपासनेपुरती ती खरीही आहे. पण मुलगी कॅथलिक आणि मुलगा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मुलगा अलायन्स मिशनच्या मंडळीचा आणि मुलगी हिंदू, किंवा दोघांपैकी एकाचा आधी घटस्फोट झालेला, असं लग्न घेऊन ऑफिसात गेलात की पाटी मागे राहते आणि रजिस्टर पुढे येतं. कुठली मंडळी, म्हणजे कुठलं चर्च, कुणाला किती आत घेते ते या टेबलावर कळतं. म्हणून हा रिव्ह्यू प्रवचनाचा नाही, गायनाचाही नाही. फक्त लग्नसेवेचा आहे.

आधी परवान्याचं बोलू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तरी लग्न या कायद्याखाली लागू शकतं. प्रश्न आहे लावणाऱ्याचा. कॅथलिक फादर आणि सीएनआयचे पाळक यांना दीक्षा बिशपकडून मिळालेली असते, त्यामुळे कायदा त्यांच्याकडे वेगळा परवाना मागत नाही. अलायन्स, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना मात्र सरकारी परवाना लागतोच, आणि तो दोन प्रकारचा असतो. कलम ६ चा असेल तर मिश्र लग्न चालतं. कलम ९ चा असेल तर दोघंही भारतीय ख्रिस्ती असलेल्या लग्नाचाच दाखला देता येतो. कलम ९ वाल्या पाळकाने हिंदू मुलीचं लग्न लावलं, हार पडले, भरीत-भाकरीच्या पंगती उठल्या, तरी दाखल्याचा पाया कच्चाच. हे लगेच कळत नाही. रेल्वेच्या पासवर बायकोचं नाव चढवताना, पासपोर्टच्या वेळी किंवा वारसाच्या भांडणात कळतं. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा परवाना बघायला मागण्यात लाजायचं काही कारण नाही. जो पाळक यावर चिडतो, त्याच्याकडे लग्न लावू नये.

आता कॅथलिक. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ साली पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. म्हणजे साधं लग्न गावातले फादर उरकतात, पण मिश्र लग्नाची फाइल नाशिकला जाते. इथं दोन शब्द वेगळे ठेवा. समोरचा माणूस दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला असेल तर लागते ती 'परवानगी'. बाप्तिस्माच झालेला नसेल तर लागते ती 'सूट', आणि सूट मिळाल्याशिवाय लागलेलं लग्न चर्चच्या दृष्टीनं झालेलंच नसतं. यात एक बारीक खिळा आहे. काही पेंटेकॉस्टल मंडळ्या पिता, पुत्र, पवित्र आत्मा असं न म्हणता फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देतात. कॅथलिक चर्च तो धरत नाही. त्यामुळे दहा वर्षं मंडळीत ढोलकी वाजवणारा मुलगा कागदोपत्री बाप्तिस्मा न झालेला ठरतो आणि अर्ज परवानगीचा न राहता 'सूट' मागण्याचा होतो. दाखल्यावर कोणते शब्द लिहिलेत ते पहिल्याच भेटीत दाखवा, महिना वाचेल.

मुलं कॅथलिक वाढवीन असं वचन फक्त कॅथलिक बाजू देते. समोरच्याला त्या वचनाची कल्पना द्यायची असते, एवढंच. त्याच्याकडून वचन लिहून घेण्याची जुनी पद्धत १९७० मध्येच गेली. तरी काही ऑफिसांत दोघांपुढे तोच कागद सरकवला जातो. शांतपणे विचारावं की ही सही वचनाची आहे की कल्पना मिळाल्याची. बाकी यादी अशी: बाप्तिस्म्याचा ताजा दाखला (सहा महिन्यांच्या आतला, कारण आधी लग्न झालं असेल तर त्याची नोंद त्याच दाखल्यावर उमटते), विवाहपूर्व शिबिर, आणि चर्चमध्ये नावांची पुकार (कुणाची हरकत असेल तर सांगा, अशी जाहीर घोषणा). हाताशी तीन महिने ठेवा. तपश्चर्येच्या काळात, म्हणजे लेंटमध्ये, तारीख मागू नका.

घटस्फोटितांसाठी हेच दार सगळ्यात जड आहे. कोर्टाचा निकाल चर्चला पुरत नाही, मूळ लग्न शून्य होतं असा चर्चच्या न्यायासनाचा निर्णय लागतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एक चांगली सुधारणा केली: पूर्वी असा निर्णय दुसऱ्या न्यायासनाने कायम करावा लागे, आता एकच पुरतो. उलट्या बाजूची चूकही लोक करतात. चर्चचा कागद मिळाला की मोकळे झालो असं समजून दुसरं लग्न करतात. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की चर्चच्या न्यायासनाचा निर्णय कोर्टाच्या घटस्फोटाची जागा घेत नाही. दोन्ही कागद हवेत, नाहीतर दुसरं लग्न हा गुन्हा ठरू शकतो.

इतकं सगळं असूनही आमचा कौल असा की कॅथलिक सेवा कडक आहे, पण सरळ आहे. नियम छापलेला आहे, अपवाद छापलेला आहे, अपवाद कुणी द्यायचा हेही छापलेलं आहे. फादर बदलले तरी उत्तर फारसं बदलत नाही. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण पोस्टाच्या गतीमुळे कापला.

सीएनआयचा स्वभाव तिच्या जन्मातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, त्यांत अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही होते. म्हणून इथं बाळाचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही. दुसऱ्या मंडळीतून आलेल्याला 'पुन्हा पाण्यात उतर' असं कुणी म्हणत नाही. कॅथलिक आणि सीएनआय अशा जोडीला इथं वागणूक मोकळी मिळते. घोळ होतो तो मेंबरशिपचा. रेल्वेवाल्यांची बदली होत राहते, नाव मनमाडच्या यादीत, राहायला भुसावळला, वर्गणी दोन्हीकडे थकलेली. बदलीचं पत्र आणि वर्गणीची पावती आधी नीट करा. मग पुकारीचे तीन रविवार मोजा. समोरचा बिगर-ख्रिस्ती असेल किंवा कुणाचा घटस्फोट झालेला असेल, तर पाळक बिशपच्या पत्राशिवाय पुढे जाणार नाही असं धरूनच चाला. एक गोष्ट कॅथलिकांकडे नाही, पण इथं मागता येते: लग्न लावायला बाई पाळक. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, आणि २०२३ मध्ये ओडिशातल्या फुलबनीत व्हायोलेट नायक या तिच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. कॅथलिकांत २०२१ पासून स्त्रिया वाचक (उपासनेत शास्त्र वाचणाऱ्या) आणि वेदीसेवक म्हणून रीतसर नेमता येतात, पण त्यापुढचं दार बंद आहे. सीएनआयला चार, बिशपचं पत्र वेळेत आलं तर.

अलायन्स म्हणजे नेमकं कोण, हे खान्देशात विचारावंच लागतं. पूर्वेला अमेरिकन अलायन्सने काम केलं, पश्चिमेला धुळे-नंदुरबारकडे स्वीडिश आणि स्कँडिनेव्हियन अलायन्सने. नाव सारखं, मुळं वेगळी. अलायन्स काय किंवा पेंटेकॉस्टल काय, इथं आतला जिव्हाळा दांडगा. मांडवापासून भांड्यांपर्यंत मंडळी धावते. पण मिश्र लग्नापुढे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं 'विजोड' होऊ नका (म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्याशी जोडले जाऊ नका) हे वचन येतं, आणि पाठोपाठ तोडगा: 'आधी बाप्तिस्मा घ्या, मग लावतो.' इथं थांबा. विश्वास बसून घेतलेला बाप्तिस्मा वेगळा, हॉलच्या तारखेसाठी घेतलेला वेगळा. शिवाय त्याचा जातीच्या दाखल्यावर होणारा परिणाम मांडवात कुणी सांगत नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. जळगावच्या बौद्ध मुलीची सवलत नुसत्या ख्रिस्ती नवऱ्यामुळे जात नाही, तिनं स्वतः धर्म बदलला तर जाते. नवापूर-नंदुरबारच्या भिल्ल, मावची मुलीला हा प्रश्न येत नाही, कारण अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. एकाच चर्चमधल्या दोन सुनांना कायदा असा वेगवेगळा लागतो. पाळकाला हे ठाऊक नसेल तर ती सेवेतली त्रुटीच आहे.

या मंडळ्यांना एकच आकडा देणं अन्यायाचं होईल. सगळं एका पाळकावर असतं. चांगला भेटला तर साडेचार, हेकट भेटला तर दीड, आणि दाद मागायला वर कुणी नाही.

समलिंगी जोडप्यांसाठी खान्देशातलं काय, देशातलंही कुठलं चर्च कायदेशीर लग्न लावू शकत नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या विवाहाला मान्यता दिलेली नाही. त्याच डिसेंबरात रोमहून आलेल्या कागदावरून 'पोपनी परवानगी दिली' असे मेसेज फिरले. तो कागद नीट वाचला तर साधा, छोटा आशीर्वाद आहे, विधी नाही, लग्नाचे कपडे नाहीत, नोंद नाही.

हे सगळं जमत नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. एकाचा तरी जिल्ह्यात तीस दिवस रहिवास, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. नंतर चर्चमध्ये आशीर्वाद मागता येतो. कॅथलिक बाजू असेल तर आधी बिशपची सूट घ्या, नाहीतर फादरांच्या रजिस्टरमध्ये तुम्ही अविवाहितच राहता.

आणि मे महिन्यातली तारीख धरणाऱ्यांसाठी: ऊन टाळायला आपल्याकडे लग्न संध्याकाळवर ढकलतात. ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम १० मध्ये वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी आहे, बिशपचा खास परवाना असेल तर गोष्ट वेगळी. वरात भुसावळच्या पुलावर अडकली तरी नवरा-नवरीला आणि दोन साक्षीदारांना साडेपाचलाच चर्चमध्ये आणून बसवा. बँडवाले मागून येतील.