तापल्यावर ओढ सोडणारा हायड्रोस्टॅटिक गार्डन ट्रॅक्टर: खोलावा, युनिट बदलावे की गिअरचा घ्यावा?

परदेशातून आणलेला, बरीच वर्षे राबलेला गार्डन ट्रॅक्टर सोलापूरच्या उन्हाळ्यात एक ठरावीक लक्षण दाखवतो. सकाळी सातला तो आवारातले गवत निमूटपणे कापतो. पारा 40 अंशांच्या पुढे गेला की त्याच छोट्या चढावर इंजिन पूर्ण वेगात चालू असते, पेडल तळापर्यंत दाबलेले असते, आणि ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी मालकापुढे तीन मार्ग असतात: आहे ते ट्रान्समिशन खोलून दुरुस्त करणे, दुसरे युनिट मागवून बसवणे, किंवा हा ट्रॅक्टर काढून गिअरचा देशी मिनी ट्रॅक्टर घेणे.

या हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ट्रान्समिशनमध्ये इंजिनावर फिरणारा पिस्टन पंप तेल ढकलतो आणि त्या तेलावर दुसरी पिस्टन मोटर चाके फिरवते. पेडलने स्वॉशप्लेटचा (पिस्टन जिच्यावर टेकतात त्या तिरक्या तबकडीचा) कोन बदलला की पिस्टनचा फेरा कमी-जास्त होतो आणि वेग बदलतो. कोन उलटा झाला की ट्रॅक्टर मागे जातो. पिस्टन आणि त्यांची भोके, तसेच बॅरल (ही भोके असलेला फिरता ठोकळा) आणि व्हॉल्व्ह प्लेट (तेलाची ये-जा ठरवणारी चकती) यांच्यातली फट केसापेक्षाही बारीक असते. झिजेने ती वाढली तरी थंड, घट्ट तेल ती कशीबशी झाकते. तेल तापून पातळ झाले की दाब आतल्या आत गळतो. म्हणून सकाळचा ट्रॅक्टर आणि दुपारचा ट्रॅक्टर वेगळे वाटतात.

तरीही प्रत्येक अशक्तपणा म्हणजे झीज नव्हे, आणि तीन मार्गांची तुलना करण्याआधी एक सुट्टीचा दिवस किरकोळ तपासण्यांना द्यावा. ट्रॅक्टर ढकलण्यासाठी असलेला बायपासचा दांडा अर्धवट उघडा राहिला असेल, पट्टा चकाकून घसरत असेल, थंड करणाऱ्या पंख्याची पाती तुटली असतील किंवा कवचाच्या पंखांवर गवत आणि काळ्या मातीची धूळ थापली गेली असेल, तर लक्षण अगदी हेच दिसते. माझ्याच ट्रॅक्टरसाठी एका कारखान्याने नवा पंप सुचवला होता. प्रत्यक्षात पंख्याची दोन पाती गेली होती. तेलही त्याच दिवशी पाहावे. दुधी तेल म्हणजे पाणी शिरले आहे, फेसाळ तेल म्हणजे हवा. निथळलेले तेल पांढऱ्या सुती टॉवेलच्या तुकड्यावर (तो या गावात शोधावा लागत नाही) पसरून उन्हात धरावे. त्यात सोनेरी चमक दिसली, तर आतला पितळी मिश्रधातूचा भाग घासला जात आहे. चुंबक हा चुरा पकडत नाही; त्यामुळे चुंबक कोरे निघाले म्हणून निश्चिंत राहू नये.

चमक नसेल, तर पहिला मार्ग निःसंशय स्वस्त आहे: तेल, फिल्टर, सील आणि ओ-रिंग बदलणे, अडकलेले चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा) साफ करणे. तेल मात्र पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे, कारण हायड्रो-गिअर या कंपनीच्या अनेक युनिटांना 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल लागते, तर जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या हाय-ट्रान प्रतीचे. टफ टॉर्क कंपनीच्या के 46 युनिटला निचऱ्याचा बोल्टच नसल्याने तेल बदलण्यासाठीही ते खाली उतरवावे लागते. ती मजुरी हिशोबात धरावी.

चमक असेल, तर पूर्ण खोलणे आले, आणि इथे प्रश्न माणसाचा असतो. नेहमीच्या ट्रॅक्टर गॅरेजमधला मिस्त्री गिअरबॉक्स डोळे मिटून खोलेल, पण स्वॉशप्लेट त्याच्या रोजच्या कामात येत नाही. जिल्ह्यात ज्यांच्या हातून असे पंप रोज जातात ते लोक ऊसतोडणीच्या हार्वेस्टरवर आणि काँक्रीट मिक्सरच्या गाड्यांवर काम करणारे हायड्रॉलिक फिटर आहेत, कारण ही यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. गाळप हंगामात ते तुमच्या छोट्या यंत्राकडे पाहणारही नाहीत. हंगाम संपल्यावर जावे. व्हॉल्व्ह प्लेट काढली की तिच्यावरून नख फिरवून पाहावे. ओरखडे नखाला लागत नसतील, तर लॅपिंग करून (बारीक पेस्टने सपाट घासून) ती वाचते. नख अडकत असेल, तर प्लेट बदलावी लागते. पिस्टनची भोकेच झिजली असतील, तर लॅपिंगचा उपयोग नाही आणि दुसऱ्या मार्गाकडे वळणे भाग आहे.

दुसऱ्या मार्गात वेळ कमी जातो, पण भरवसा विक्रेत्याच्या शब्दावर असतो. जुने युनिट मागवले तर त्याचीही प्लेट कशी आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि कुरिअर व सीमाशुल्क भरल्यावर स्वस्त वाटलेली वस्तू स्वस्त राहत नाही. नवे मिळत असेल आणि बाकी ट्रॅक्टर धडधाकट असेल, तरच मी हा खर्च करीन. हायड्रोस्टॅटिकच्या जागी देशी गिअरबॉक्स बसवण्याचा सल्लाही काहीजण देतात. परंतु या ट्रॅक्टरांना बहुधा नेहमीसारखा क्लचच नसल्यामुळे क्लच, पेडल, शाफ्ट असे सगळेच नव्याने घडवावे लागते, म्हणून तो विचार सोडावा.

तिसऱ्या मार्गाचा निर्णय कामावरून करावा. झाडे, कुंड्या, पायवाटा यांच्यामधून शंभरदा पुढे-मागे करत गवत कापायचे असेल, तर हायड्रोस्टॅटिकची सोय गिअरला येत नाही. डाळिंबाच्या बागेत मात्र ओळींमध्ये साधारण 4.5 मीटर अंतर असते, एकाच वेगाने सरळ जायचे असते आणि काळ्या रानात रोटाव्हेटर ओढायचा असतो. के 46 सारखी हलकी युनिटे हिरवळीसाठी बनलेली आहेत. त्यांच्याकडून मशागत करून घेतली, तर दुरुस्त केलेले युनिटही पुन्हा त्याच मार्गाने जाईल. बाग असेल त्याने दुरुस्तीचा विचारही करू नये. गिअरच्या ट्रॅक्टरचे सुटे भाग सोलापुरातच मिळतात.

खोलून घेण्याचे ठरले, तर काम धूळ नसलेल्या बंद खोलीत व्हावे आणि पुसायला धागे सुटणारे कापड नसावे, ही अट आधीच घालावी. जोडणीनंतर मागची चाके उचलून, कमी वेगावर पाच-सहा वेळा पुढे-मागे करून हवा काढावी आणि तेल पुन्हा भरावे. चाचणी मात्र सकाळी घेऊ नये: दुपारी दोन वाजता तासभर गवत कापून, त्याच चढावर ट्रॅक्टर चढला की मग मजुरीचा शेवटचा हप्ता द्यावा.