लॅसिक की पीआरके?

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या या दोन शस्त्रक्रिया. दोन्हींत काम एकाच एक्सायमर लेझरचं: कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, नवा आकार देऊन नंबर घालवायचा. फरक आहे तो लेझर तिथवर पोचतो कसा, यात.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून उलटतात, खाली लेझर मारतात, पापुद्रा परत बसवतात. टाके नाहीत. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना छान दिसतं, त्यामुळे गाजावाजाही हिचाच. पीआरकेत कापाकापी नाही, पण कॉर्नियावरचा सगळ्यात वरचा थर काढून टाकतात. तो भरून येईपर्यंत काही दिवस बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) घालायची. हे दिवस खडतर: डोळा चुरचुरतो, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. नजर पुरती स्थिरावायला कित्येक आठवडे जातात.

तरीही कॉर्निया पातळ असेल किंवा बॉक्सिंगसारखा खेळ असेल, तर माझं मत पीआरकेला. जोराचा मार बसला तर लॅसिकचा पापुद्रा काही वर्षांनीही सरकू शकतो. शिवाय पापुद्रा कापताना बारीक नसा तुटतात, म्हणून डोळे कोरडे पडण्याची तक्रार लॅसिकनंतर जास्त. पीआरकेत धूसरपणाची भीती असते, उन्हात गॉगल हवाच.

केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) निघाला तर दोन्ही बाद. आणि चाळिशीचा चष्मा? तो कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर लागू शकतोच. हे आधी विचारून घ्या.