गोकचेआदाला घर बुक करताना आम्ही कसे फसलो

आईचा पासपोर्ट मुदत संपायला अकरा महिने बाकी असतानाच आम्ही बदलून घेतला. तो फाटला नव्हता की हरवला नव्हता. पण त्याचा लख्ख फोटो एका अनोळखी भामट्याकडे आहे, आणि तो मीच माझ्या हाताने पाठवलेला आहे. गेलेल्या पैशांचं दुःख एव्हाना ओसरलं. हे मात्र अजून मनातून जात नाही. तुर्कीच्या बेटांवर जाणारी मराठी मंडळी आता बरीच वाढलीत, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

2024 च्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे जर्मनीला आले होते. बाबा सैन्यातून निवृत्त झालेले. तुर्कीतली गॅलिपोलीची, पहिल्या महायुद्धातली रणभूमी बघायची त्यांची फार जुनी इच्छा. 25 एप्रिल 1915 ला तिथे ब्रिटिशांच्या बाजूने उतरलेल्या फौजेत आपल्याकडच्या पहाडी तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे तुकड्या होत्या, कोहाट आणि जेकब्ज. तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवरून चढवायच्या. मराठा पलटणी त्या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या, तरी बाबांना या खेचरवाल्यांचं भारी अप्रूप. त्या रणभूमीच्या समोरच समुद्रात गोकचेआदा बेट आहे. 1970 पर्यंत त्याचं नाव इम्रोज होतं. ब्रिटिश सेनापती हॅमिल्टनचं मुख्यालय 1915 साली याच बेटावर, केफालोसच्या उपसागराकाठी होतं. आणि हेच केफालोस, म्हणजे आजचं आयदनजक, वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंगवाले उन्हाळाभर तिथे तळ ठोकून असतात. माझ्या नवऱ्याला ते वेड आहे. सासरे आणि जावई दोघांच्या मनासारखं एकच ठिकाण निघालं, त्यामुळे मी जोमाने घर शोधायला लागले.

प्रवासाच्या एका ग्रुपवर एकाने घराचे फोटो टाकले होते. दगडी भिंती, निळ्या खिडक्या, अंगणात द्राक्षाचा भरगच्च मांडव, मांडवाखाली लाकडी टेबल आणि टेबलाच्या पायाशी एक निळी प्लॅस्टिकची बादली. खाली लिहिलेलं: आयदनजक, समुद्रापासून दोन मिनिटं. सात रात्रींचे 620 युरो. फार स्वस्त असतं तर शंका आली असती. भाव अगदी बाजारातला होता.

त्या माणसाशी माझं व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-बारा दिवस बोलणं झालं. इंग्रजी चांगलं, वागणं अदबीचं. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे म्हटल्यावर त्याने पायऱ्या किती आहेत ते आपणहून सांगितलं. बेटाबद्दल त्याने जे जे सांगितलं ते मी नंतर एकेक करून पडताळलं, आणि ते सगळं खरं होतं. उन्हाळ्यात पोयराझ म्हणजे ईशान्येचा वारा सुटतो, खरं. वारा चढला की काबातेपे बंदरातून बेटावर येणारी फेरीबोट रद्द होते, खरं. 15 ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो, बेट सोडून गेलेली ग्रीक कुटुंबं त्यासाठी तेपेक्योय गावात परत येतात आणि त्या आठवड्यात खोली मिळत नाही, हेही खरं. इतक्या खऱ्या गोष्टी सांगणारा माणूस घराबद्दलच खोटं बोलत असेल असं मनात आलं नाही. आपण नेमके इथेच सापडतो. भामट्याला जागेची माहिती असणं आणि ती जागा त्याची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती माहिती कुणालाही दोन तासांत गोळा करता येते.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं तर म्हणाला, कालपासून वारा फार आहे, नेट सारखं जातंय. वाऱ्याच्या गावात ते पटलं. घाई करायलाही त्याने वाराच वापरला: फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, मात्र आधी बुकिंग पक्कं करा, 15 तारखेच्या आठवड्यासाठी आणखी दोघे विचारताहेत.

पैसे पाठवताना नवऱ्याला खटकलं होतं. घर तुर्कीत आणि खाते क्रमांक मात्र ‘एलटी’ने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियाचा. तुर्कीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ‘टीआर’ने सुरू होतो आणि 26 अक्षरी असतो. विचारलं तर उत्तर तयार होतं: तुर्की सेपामध्ये (युरो पाठवायच्या युरोपातल्या सामाईक बँक-व्यवस्थेत) नाही, तुमची बँक शुल्क कापेल, तीन दिवस लागतील, त्यापेक्षा माझ्या भावाच्या युरोपातल्या खात्यात टाका. तुर्की सेपामध्ये नाही हेसुद्धा खरंच. आम्ही इन्स्टंट ट्रान्सफर केली. ती दहा सेकंदांत पोचते आणि एकदा पोचली की परत ओढता येत नाही. तेव्हा आमच्या बँकेत खातेदाराचं नाव आणि क्रमांक जुळतात का हे तपासलं जात नव्हतं. युरो वापरणाऱ्या देशांत 9 ऑक्टोबर 2025 पासून ती तपासणी सक्तीची झाली आहे. आता नाव जुळत नाही असा इशारा स्क्रीनवर आला, तर कृपा करून तिथेच थांबा.

मग त्याने चौघांचे पासपोर्ट मागितले. तुर्कीत पाहुण्यांची ओळख पोलिसांना कळवायचा कायदा आहे, असं त्याने सांगितलं. कायदा खरोखर आहे, हॉटेलातही पासपोर्ट घेतातच. मी चारही पासपोर्टचे फोटो काढले, आईचा जरा तिरका आला म्हणून खिडकीपाशी नेऊन पुन्हा काढला, आणि पाठवून दिले.

काबातेपेला पोचलो त्या दिवशी वाऱ्यामुळे फेरी बंद होती. धक्क्यावर गाड्यांची रांग, लाटा पांढऱ्याशुभ्र. मी त्याला कळवलं. त्याने धीर दिला, चावी शेजारी ठेवली आहे म्हणाला, आणि जाता जाता 150 युरो डिपॉझिट मागितलं, निघताना परत मिळेल म्हणून. त्या रांगेत गाडीत बसून मी तेही पाठवले. तेवढ्यासाठीच तो त्या दिवसापर्यंत गोड बोलत होता. तो त्याचा शेवटचा मेसेज.

दुसऱ्या दिवशी सव्वा-दीड तासाचा प्रवास करून बेटाच्या कुझुलिमानी बंदरात उतरलो आणि नकाशावरच्या खुणेपाशी गेलो. तिथे वाळलेलं काटेरी गवत होतं, एक सिमेंटची पाण्याची टाकी होती आणि पलीकडे मिठाचं तळं पांढरं पडलेलं. वारा इतका की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. आईचा पदर डोक्यावर ठरेना. चौघेही त्या टाकीच्या आडोशाला उभे राहिलो आणि मी एकामागून एक फोन लावत राहिले. नंबर बंद.

जवळच्या एका कॅम्पिंगच्या कॅन्टीनमधल्या बाईंना फोटो दाखवले. पन्नाशीच्या असतील. त्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि द्राक्षाच्या मांडवावर बोट ठेवलं. मग काही न बोलता मला दारापाशी नेऊन बाहेरची झुडपं दाखवली. सगळी एकाच बाजूला जमिनीलगत लोळलेली. ‘केफालोस नाही हे,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलीने इंग्रजीत समजावलं की इथे उघड्यावर असा उंच मांडव एक आठवडा टिकायचा नाही. शिवाय या बेटावरची जुनी दगडी घरं झेयतिनलीक्योय, तेपेक्योय, देरेक्योय अशा आतल्या, डोंगरउतारावरच्या ग्रीक गावांमध्ये आहेत. आयदनजकला आहेत ते सर्फिंगवाले, कॅम्पिंग आणि नवं बांधकाम. नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून मी दहा मिनिटं बघितलं असतं तर तिथे तसं घर नाही हे जर्मनीत बसूनच दिसलं असतं.

त्या बाईंनी आधी आई-बाबांना चहा दिला, मग चार फोन करून बेटाच्या मुख्य गावात एक खोली मिळवून दिली. चौघांना एकच. बाबा खाली गादीवर झोपले, म्हणाले, ‘तंबूत झोपलेला माणूस आहे मी, तू रडू नकोस.’ त्या दिवशी मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

जांदार्मा म्हणजे तिथल्या ग्रामीण पोलिसांकडे तक्रार दिली. दुभाषा मिळायला वेळ गेला, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि लेखी प्रत दिली. ती प्रत मागून घ्याच, घरी बँकेत आणि पोलिसांकडे तीच लागते. तिथल्या अधिकाऱ्याने आम्हाला विचारलं, परवाना क्रमांक काय होता? आम्हाला हा प्रकारच ठाऊक नव्हता. 1 जानेवारी 2024 पासून तुर्कीत राहतं घर पर्यटकांना 100 दिवसांपर्यंत भाड्याने द्यायचं तर पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याची पाटी दाराशी लावावी लागते. म्हणून घरमालकाला पहिल्याच मेसेजमध्ये परवाना क्रमांक आणि दारावरच्या पाटीचा फोटो मागा. खरा मालक पाठवेल. जो टाळाटाळ करेल त्याच्याशी पुढे बोलूच नका.

जर्मनीला परत आल्यावर तिथेही पोलिसांत नोंद केली. बँकेने रक्कम परत मागवायचा प्रयत्न केला, पण लिथुआनियातलं खातं त्याच दिवशी रिकामं झालं होतं. एकूण 770 युरो. कार्डाने दिले असते तर निदान वाद दाखल करता आला असता. भारतातून पैसे भरून कुणी असं फसलं असेल तर लगेच, त्याच तासात, 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच उपयोग.

पासपोर्टच्या बाबतीत मी आता एवढंच करते: आगाऊ फोटो मागितला तर नंबरचा काही भाग झाकते आणि फोटोवर आडवं लिहिते, कुणासाठी, कशासाठी, कुठल्या तारखेला. मूळ पासपोर्ट प्रत्यक्ष पोचल्यावर दाखवते. चांगल्या ठिकाणी याला कुणी हरकत घेतलेली नाही. आपल्या आई-वडिलांचे कागद तर अजिबात असे पाठवू नका. त्यांच्या नावावर कुठे काय उघडलं जाईल याचा पत्ता त्यांना लागणारही नाही. बाबांच्या पासपोर्टची मुदत बरीच आहे, त्यामुळे तो तसाच आहे.

बेटाबद्दल मनात किंतु नको. उरलेल्या सहा दिवसांत नवरा मनसोक्त सर्फिंग करून आला, आईने झेयतिनलीक्योयला उखळात कुटलेल्या बियांची दिबेक कॉफी प्यायली. बाबा केफालोसच्या किनाऱ्यावर एक अख्खी सकाळ बसून होते, वाऱ्यात डोळे बारीक करून समोरच्या गॅलिपोलीकडे बघत.

गेल्या महिन्यात एका वेगळ्या ग्रुपवर तेच फोटो मला पुन्हा दिसले. द्राक्षाचा तोच मांडव, तेच टेबल, टेबलाच्या पायाशी तीच निळी बादली. या वेळी खाली नाव बोझजाआदाचं, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या बेटाचं होतं, तिथे तो मांडव कुणालाही खरा वाटेल. भाव आता 740 युरो. खाली एका मुलीने विचारलं होतं, जूनमध्ये चार जणांसाठी मिळेल का? मी तिला वेगळा मेसेज केला आणि जांदार्माची प्रत जोडली. तासाभराने तिचं उत्तर आलं: पासपोर्ट कालच पाठवले.