‘एलटी१चा टी-५६’ सांगून मोडका गिअरबॉक्स गळ्यात मारला : माझे ३,२९९.८५ डॉलर गेले

मला फसवणाऱ्या विक्रेत्याची टी-५६ गिअरबॉक्सची ती जाहिरात पुन्हा लागली आहे. नाव बदललंय, गाव बदललंय, किंमत शंभर डॉलरने उतरवलीय, पण फोटो तेच : निळ्या ताडपत्रीवर आडवा ठेवलेला गिअरबॉक्स, शेजारी लाल टूलबॉक्स. म्हणून आज सगळं लिहून काढतोय. जुन्या अमेरिकन सेडानमध्ये ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवायच्या नादात असलेली मराठी मंडळी इथे मिशिगनमध्येच मला तीन-चार माहीत आहेत. इतरत्रही असतीलच. त्यांच्यापैकी एकाचे जरी पैसे वाचले तरी हे लिहिल्याचं चीज होईल.

माझी गाडी १९९६ची शेव्रोले इम्पाला एसएस. १९९४ ते ९६ एवढीच तीन वर्षं निघालेली. ५.७ लिटरचं एलटी१ व्ही-८ इंजिन, २६० हॉर्सपॉवर, ३३० पाउंड-फूट टॉर्क, वजन ४,००० पौंडांच्या वर. कंपनीने ही गाडी मॅन्युअलमध्ये कधीच दिली नाही, सगळ्या ४एल६०-ई ऑटोमॅटिक. या ऑटोमॅटिकचा तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझाही जळला. दुरुस्तीचा अंदाज २,४०० डॉलर निघाला. तेवढ्याच पैशात मॅन्युअल बसत असेल तर का नाही, हा माझा हिशोब होता आणि तो हिशोब आजही मला चुकीचा वाटत नाही. मी उधळपट्टीला निघालो नव्हतो.

गिअरबॉक्स निवडताना मी डोळे मिटून उडी मारली नाही, हेही सांगतो, कारण ‘नीट अभ्यास करायचा होतास’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. जुना मन्सी चार-गिअरवाला स्वस्तात मिळतो, पण त्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर, नाही. माझ्या ३.०८ गुणोत्तराच्या मागच्या डिफरन्शियलवर ७० मैलांच्या वेगाला इंजिन २,७०० आरपीएमच्या घरात फिरत राहणार. पाच-गिअरवाला टी-५ जंकयार्डात सहज मिळतो, पण व्ही-८ मस्टँगमधला चांगला टी-५सुद्धा ३०० पाउंड-फुटांच्या आसपासचाच टॉर्क पेलणारा. ३३०चं इंजिन आणि दोन टनांची गाडी त्याच्या मागे लावली की तिसऱ्या गिअरचे दात गेलेच म्हणून समजा. व्ही-६ कॅमॅरोमधल्या टी-५चं तर नावच काढू नका. ट्रेमेक कंपनीचा नवा टीकेएक्स गिअरबॉक्स ६०० पाउंड-फुटांचा, मॅग्नम ७००चा. दोन्ही उत्तम, दोन्ही माझ्या खिशाबाहेर. राहिला १९९४ ते ९७च्या कॅमॅरो आणि फायरबर्डमधला सहा-गिअर टी-५६. क्षमता ४५० पाउंड-फूट, आणि मुख्य म्हणजे तो एलटी१साठीच बनलेला, म्हणजे बेलहाऊसिंगसकट (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं, क्लचवरचं आवरण) थेट माझ्या इंजिनाला लागणारा.

त्यातही पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.६६ आणि सहाव्याचं ०.५०. माझ्या ३.०८वर सहाव्यात ७० मैलांना जेमतेम १,३४० आरपीएम होतात, म्हणजे इंजिन गुदमरणार. म्हणून मागे ३.७३चं डिफरन्शियल घालायचं ठरवलं. तेव्हा तोच आकडा १,६२५वर येतो आणि पहिल्या गिअरलाही ऑटोमॅटिकपेक्षा जास्त ओढ मिळते. क्लचचं पेडल या गाडीत नाहीच, ते बनवून घ्यायचं होतं. गिअरबॉक्स पेलणारा खालचा आडवा क्रॉसमेंबर बदलायचा होता. कॉम्प्युटरमधून ऑटोमॅटिकचा प्रोग्राम काढायचा होता. या सगळ्याचा हिशोब वहीत लिहून तयार होता. एवढं करून मी फसलोय.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळी फसवणूक तिच्यावरच उभी आहे. टी-५६ नावाचे गिअरबॉक्स बरेच आहेत. एलटी१चा वेगळा, १९९८नंतरच्या एलएस१चा वेगळा, व्हायपरचा आणखी वेगळा. एलटी१चा क्लच ‘पुल’ पद्धतीचा : बेलहाऊसिंगच्या बाजूला फोर्कसाठी (क्लच ओढणारा दांडा) खिडकी असते आणि पेडलच्या दाबाने क्लच चालवणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेर बसतो. एलएस१ला फोर्कच नाही, स्लेव्ह आत, इनपुट शाफ्टभोवती. इनपुट शाफ्ट आणि पुढची प्लेटही वेगळी. मागून, वरून, गिअरच्या दांड्याकडून पाहिलं तर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. फरक दिसतो तो पुढून.

विक्रेता इंडियानाच्या दक्षिण टोकाचा, माझ्यापासून गाडीने सात तासांच्या आसपास. जाहिरातीत ‘१९९५ कॅमॅरो झी-२८मधला, ७८,००० मैल, बेलहाऊसिंगसकट, २,४०० डॉलर’. फोनवर माणूस इतका माहितगार की संशय यायला जागाच नाही. पहिल्यावरून थेट चौथ्यात ढकलणारा स्किप-शिफ्टचा सोलेनॉइड, रिव्हर्सचा लॉकआउट, सगळं न विचारता सांगितलं. आपल्याकडेही कॅप्रिस आहे म्हणाला, पोलीस पॅकेजवाली ९सी१. म्हणजे माझ्याच गाडीची बहीण. एक व्हिडिओ पाठवला, त्यात मागचा शाफ्ट हाताने फिरवत सहाही गिअर टाकून दाखवले. ‘क्लच मात्र नवा घे, पुल टाइपचाच घे,’ हा सल्लाही त्यानेच दिला. तो मी ऐकला आणि फ्लायव्हीलसकट क्लचचा किट ४८६.२५ डॉलरला घेऊन ठेवला. गाडी उचलायची लिफ्ट भाड्याने ठरवली होती, माल आल्यावर भागांची वाट पाहत बसणं परवडणारं नव्हतं.

आता तो क्षण. मी त्याला लिहिलं होतं की समोरून एक फोटो पाठव, इनपुट शाफ्ट आणि बेलहाऊसिंगची फोर्कची बाजू दिसेल असा. शब्द न शब्द तसाच निरोप अजून फोनमध्ये आहे. उत्तरात फोटो आला तो असा : शाफ्टला ग्रीस फासून वर प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं, आणि बेलहाऊसिंग अशा बेताने टेकवलेलं की जिथे खिडकी असायची ती बाजू नेमकी ताडपत्रीकडे. खाली लिहिलेलं, ‘गंज लागू नये म्हणून पॅक केलाय, आता परत कशाला उघडायला लावतोस?’ आणि लगेच दुसरा निरोप : केंटकीहून एक जण शनिवारी रोख घेऊन येतोय, तुला हवा असेल तर आज सांग.

हा फोटो मी त्यानंतर किती वेळा पाहिला असेल! झूम करून, उजेड वाढवून. दिसायचं ते त्यात दिसत नाही, आणि तेच दिसायला हवं होतं. मागितलेली एकच बाजू सोडून बाकी सगळ्या बाजू जो दाखवतो, तो ती बाजू लपवतोय. पण गंज टाळायला शाफ्टला ग्रीस लावतात हे खरं आहे, चांगले विक्रेतेही लावतात, म्हणून त्या घडीला ते कारण पटलं. मी विचारलं नाही असं नाही. मी विचारलं, आणि मला खोटं उत्तर दिलं गेलं. बायको म्हणाली होती, ‘अहो, एकदा जाऊन बघून या ना, एवढे पैसे देताय तर.’ जाऊन-येऊन चौदा तास, सुट्टी शिल्लक नाही, आणि तिकडे शनिवारी केंटकीवाला. त्या केंटकीवाल्याचं नाव मी आज काढतोय तेव्हा खात्रीने सांगतो, असा कोणी नव्हता.

पैसे : आधी ४०० बयाणा. मग १,९५०. मी खरेदीचं संरक्षण मिळतं त्या मार्गाने द्यायला तयार होतो. त्याने ५० डॉलर सोडतो म्हणून बँकेतून बँकेत थेट पाठवायला लावले. मालवाहतूक आणि क्रेटचे ३१८.६०. झाले २,६६८.६०. विक्रेता स्वतःहून किंमत कमी करून पैसे देण्याचा मार्ग बदलायला सांगतो तेव्हा तो सूट देत नसतो, तुमचं संरक्षण विकत घेत असतो.

क्रेट आला. ड्रायव्हरने सही मागितली, मी बाहेरून लाकूड शाबूत आहे एवढं पाहून केली. सहीच्या कागदावर ‘आतला माल तपासलेला नाही’ असं तुम्ही तरी लिहा. मला नंतर वाहतूक कंपनीने तोच कागद दाखवून हात वर केले.

प्लास्टिक फाडलं आणि फोर्कची खिडकी नाही हे पहिल्याच नजरेत कळलं. एलएस१चा. बेलहाऊसिंगही एलएस१चंच. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘सारखंच असतं, अ‍ॅडॅप्टर लाव.’ सारखं नसतं. इनपुट शाफ्ट, पुढची प्लेट, बेलहाऊसिंग, सगळं बदलून एलएस१चा एलटी१ला लावता येतो, पण तो नवा खर्च आहे आणि त्यासाठी आतला माल चांगला हवा. चांगला असता तर एलएस१वाल्याला विकून माझे पैसे निघाले असते, हेही खरं. म्हणून मेकॅनिककडे नेऊन १४५ डॉलर देऊन उघडून घेतला. तेल काळं आणि जळक्या वासाचं, चुंबकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला, तिसऱ्याची सिंक्रो रिंग संपलेली, तिसऱ्या-चौथ्याचा फोर्क वाकडा, काउंटरशाफ्टचे दोन दात तुटलेले. व्हिडिओत सहा गिअर टाकून दाखवले तो हा गिअरबॉक्स नव्हताच. हे फोटो त्याला पाठवले आणि त्याने मला ब्लॉक केलं. क्लचचा किट उघडलेला म्हणून दुकानाने परत घेतला नाही. एकूण ३,२९९.८५.

त्यानंतरचं जास्त चीड आणणारं आहे. बँकेत गेलो. ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग तो अनधिकृत व्यवहार होत नाही.’ या देशातला रेग्युलेशन ई हा नियम तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशाला संरक्षण देतो. फसवून तुमच्याच हाताने बटण दाबून घेतलं तर बँक त्याला तुमची परवानगी म्हणते. मग चोराला घरात घुसायची गरजच काय? माझ्या गावच्या पोलिसांनी सांगितलं, विक्रेता राहतो तिथे तक्रार करा. तिथल्या पोलिसांनी सांगितलं, तुम्ही राहता तिथे करा. दोन्हीकडे शेवटी एकच वाक्य : हे दिवाणी प्रकरण आहे. मी म्हटलं, एक वस्तू दाखवून दुसरी पाठवणं, तीही मोडकी, आणि दुसऱ्याच गिअरबॉक्सचा व्हिडिओ दाखवून, यात दिवाणी काय आहे? खिडकीमागच्या बाईंनी मला एक छापील कागद दिला, त्यावर ओळख-चोरीपासून कसं वाचायचं ते लिहिलं होतं. माझी ओळख कोणी चोरली नव्हती, माझे पैसे चोरले होते. केंद्र सरकारचा ऑनलाइन फॉर्म भरला, सगळे निरोप, फोटो, पावत्या जोडल्या. यंत्राचं उत्तर आलं की तक्रार मिळाली. पुढे शांतता. राज्याच्या ग्राहक विभागाने कळवलं की दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहार त्यांच्याकडे येत नाही. राज्याची सीमा ओलांडून खासगी मालवाहतुकीने पाठवलेल्या फसवणुकीच्या मालालाही संघराज्याचा मेल फ्रॉडचा कायदा १९९४पासून लागू आहे. कायदा आहे, पण तीन हजारांसाठी तो उघडून वाचायला कोणाला वेळ नाही. हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच त्याने किंमत दोन हजार चारशे ठेवली होती, वीस हजार नाही.

छोट्या रकमांच्या दाव्यांचं स्मॉल क्लेम्स कोर्ट? मिशिगनमध्ये मर्यादा ७,००० डॉलर, इंडियानात १०,०००, रक्कम दोन्हीकडे बसते. पण दावा साधारणपणे प्रतिवादी राहतो तिथे लावायचा, आणि नोटीस पोचवायला खरा पत्ता लागतो. माल उचलायला त्याने दिलेला पत्ता भाड्याच्या गोदामांच्या आवाराचा निघाला. बयाणा देण्याआधी राहता पत्ता आणि ओळखपत्रावरचं नाव जुळवून घ्या, देणार नाही म्हणाला तर फोन ठेवा.

आता ती नवी जाहिरात. निळी ताडपत्री, लाल टूलबॉक्स, २,३०० डॉलर, यावेळी गाव ओहायोतलं. फोटोवरून उलटा शोध घेतला तर तेच फोटो आणखी जुन्या एका जाहिरातीतही सापडले, म्हणजे मीही पहिला नाही. हा शोध पैसे देण्याआधी घ्या, दोन मिनिटं लागतात. दिसली तर जाहिरातीची तक्रार नोंदवा आणि त्याला एवढंच लिहा : फोर्कच्या खिडकीचा समोरून फोटो, शेजारी आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेला कागद ठेवून. शाफ्टवर प्लास्टिक असलेला फोटो चालणार नाही. व्हिडिओ कॉलवर सलग, न तोडता, पुढून मागे फिरवून दाखव. एलटी१ शोधताय तर एलटी१चाच घ्या, ‘टी-५६ आहे’ एवढ्यावर थांबू नका. व्ही-६चा टी-५ कोणी ‘तसाच आहे’ म्हणून देऊ करेल, त्यालाही नको म्हणा.

दुरुस्तीवाल्याने या मोडक्या बॉक्सचे कोर म्हणून, म्हणजे पुन्हा बांधायला कामी येणारा जुना माल म्हणून, ३५० डॉलर देऊ केलेत. मी अजून दिलेला नाही. तो पुरावा आहे, आणि गोदामाच्या मालकाकडून भाडेकरूचं नाव काढायचं काम वकिलाकडे सोपवलंय. नाव हाती आलं की इंडियानात जाऊन दावा लावणार, सात तास गाडी चालवून.